आयर्लंडमधलं घराणं शोधायचं तर आधी टाउनलँड शोधा

आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर नावाची काउंटी, म्हणजे जिल्हा आहे. तिथल्या एनिस गावच्या ग्रंथालयात दर उन्हाळ्यात आपले पूर्वज शोधायला माणसं येतात. कुणी बोस्टनहून, कुणी मेलबर्नहून, क्वचित एखादं कुटुंब पुण्याहूनसुद्धा. बहुतेकांच्या वहीत दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात: एक आडनाव आणि ‘काउंटी क्लेअर’. एवढ्यावर क्लेअरमध्ये घर सापडत नाही. मॅकनामारा, मॅकमहॉन, ओब्रायन, मोलोनी ही आडनावं इथे गावोगाव आहेत. मुलांची नावंही घराण्यात ठरलेली: बरेचदा पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, पहिली मुलगी आईच्या आईच्या. त्यामुळे एकाच पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांत), एकाच दशकात, एकाच नावाचे चार-चार चुलतभाऊ सापडतात.

मी मूळची वाईची, लग्न होऊन क्लेअरला आले. माझे वडील तलाठी होते. जमिनीचा कागद रकान्यानुसार कसा वाचायचा, हे मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. माझ्या मुलीला तिच्या वडिलांकडची माणसंही आमच्याकडच्या माणसांइतकीच नीट ठाऊक असावीत, म्हणून मी सासरच्या घराण्याचा शोध घेतला. आता इतरांनाही मदत करते. त्यातून माझं पक्कं मत झालं आहे की आयर्लंडमध्ये माणसाची ओळख जमिनीच्या तुकड्याला बांधलेली आहे, आणि त्या तुकड्याचं नाव मिळेपर्यंत बाकी सगळा शोध हवेत आहे.

टाउनलँड आणि त्याच्याभोवतीच्या हद्दी

टाउनलँड हा जमिनीचा सगळ्यात लहान, नाव असलेला विभाग. नावात ‘टाउन’ असलं तरी तिथे शहर नसतं, बरेचदा वस्तीही नसते. काही टाउनलँड थोड्या एकरांचे, काही हजारो एकरांचे. देशभरात असे साठ हजारांहून जास्त आहेत. खेड्यात आजही पत्ता टाउनलँडच्या नावानेच सांगतात. टाउनलँड मिळून नागरी पॅरिश, पॅरिश मिळून बॅरनी, बॅरनी मिळून काउंटी होते. इथवर सरळ आहे. पण कॅथलिक चर्चच्या पॅरिशची हद्द नागरी पॅरिशपेक्षा वेगळी असते, अनेकदा नावही वेगळं असतं. जन्म-मृत्यूची नोंदणी ‘पुअर लॉ युनियन’च्या, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी पाडलेल्या विभागाच्या, हद्दीवर चालायची, आणि ती युनियन कधीकधी दोन काउंट्यांत पसरलेली असे. खानेसुमारीची कागदपत्रं आणखी वेगळ्या विभागानुसार लावलेली आहेत, त्यांना ‘डिस्ट्रिक्ट इलेक्टोरल डिव्हिजन’ म्हणतात. काउंटीच्या सीमाही हललेल्या आहेत. माउंटशॅनन गाव आज क्लेअरमध्ये आहे, पण 1898 पर्यंत ते गॉलवेत होतं. तिथल्या माणसांचे जुने कागद गॉलवेच्या नावाखाली शोधावे लागतात.

म्हणून टाउनलँडचं नाव हाती आलं की पहिलं काम म्हणजे एका कागदावर त्याचा संच लिहून ठेवणं: टाउनलँड, नागरी पॅरिश, बॅरनी, पुअर लॉ युनियन, इलेक्टोरल डिव्हिजन आणि कॅथलिक पॅरिश. यासाठी लोगॅनिम डॉट आयई आणि टाउनलँड्स डॉट आयई या दोन फुकट वेबसाइट पुरतात. कॅथलिक पॅरिशसाठी राष्ट्रीय ग्रंथालयाचा नकाशा पाहावा. किलमोर, बॅलीमोर यांसारखी नावं अनेक काउंट्यांत आहेत, तेव्हा एकच नाव जुळलं म्हणून खूश होऊ नये. स्पेलिंगही आजच्यासारखंच असेल असं धरू नये. 1830 च्या दशकात ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-मोजणी खात्याने आयरिश नावं इंग्रजी लिपीत पक्की केली. त्याआधी प्रत्येक कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं आहे. मी नाव मोठ्याने वाचते. वाचल्यावर जुळतं ते डोळ्यांना अनेकदा दिसत नाही.

घरापासून सुरुवात

टाउनलँड कुठून मिळतो? अनेकदा घरातूनच. आयरिश कॅथलिक घरांत माणूस गेल्यावर छोटं स्मृतिकार्ड छापतात, त्यावर फोटो, मृत्यूची तारीख आणि पत्ता असतो. ही कार्डं प्रार्थनेच्या पुस्तकांत ठेवलेली असतात. माझ्या सासूबाईंच्या जुन्या पुस्तकातून अशी कार्डं निघाली, आणि शोधातले पहिले पक्के पत्ते त्यांवरच होते. अमेरिकेहून आलेली पाकिटं, शाळेचे दाखले, चर्चच्या पावत्या, सगळं बघा. पाकिटावरचा पत्ता आतल्या पत्राहून महत्त्वाचा असू शकतो.

आणखी एक विचारा: घराण्याला गावात काय म्हणायचे? एकाच आडनावाची दहा घरं असली की लोक घरोघर टोपणनाव देत. आजोबांचं नाव, केसांचा रंग, धंदा, घराची जागा, काहीही. ते नाव वंशावळीत येत नाही, पण जमिनीच्या कागदात आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येतं. वडीलधाऱ्यांना ‘आपले पूर्वज कोण?’ असं विचारू नका, ते गोंधळतात. ‘शेजारी कोण होते? कोणत्या चर्चला जायचात? माती कुठल्या दफनभूमीत दिली?’ असं विचारा. याची उत्तरं भराभर येतात.

परदेशी गेलेल्या शाखेचे वंशज असाल तर तिकडचे कागद आधी संपवा. अमेरिकेतल्या चर्चमधली लग्नाची नोंद, वर्तमानपत्रातली मृत्युवार्ता, दफनभूमीतला दगड, इथे बरेचदा आयर्लंडमधली पॅरिश किंवा टाउनलँड लिहिलेला असतो. सरकारी कागद मात्र बहुतेक वेळा ‘आयर्लंड’ एवढंच लिहून थांबतात.

जन्म, लग्न, मृत्यू

आयर्लंडमध्ये बिगर-कॅथलिक लग्नांची सरकारी नोंदणी 1 एप्रिल 1845 पासून आहे. सगळे जन्म, सगळे मृत्यू आणि कॅथलिक लग्नं 1 जानेवारी 1864 पासून. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, 75 वर्षांपूर्वीची लग्नं आणि 50 वर्षांपूर्वीचे मृत्यू यांच्या मूळ नोंदींची चित्रं आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतात. फक्त सूचीवर विसंबू नका, मूळ पान उघडा. सूचीत टाउनलँड नसतो. तो पानावर असतो.

लग्नाची नोंद सगळ्यात जास्त देते: वधू-वर दोघांचे पत्ते, दोघांच्या वडिलांची नावं, त्यांचा धंदा, साक्षीदार. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये व्हायचं, म्हणजे वराच्या पॅरिशमध्ये नोंद नाही म्हणून लग्नच झालं नाही असं समजू नका. ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासकाळात लग्नं करायची नाहीत ही रीत होती, त्यामुळे फेब्रुवारी आणि मार्चच्या सुरुवातीला लग्नांची दाटी दिसते. नुसती अंदाजे साल माहीत असेल तर तिथून बघायला लागा. वयाच्या रकान्यात बरेचदा ‘सज्ञान’ एवढंच असतं. त्याचा अर्थ एकवीस पूर्ण, बाकी काही नाही.

मृत्यूच्या नोंदीत आईवडिलांची नावं नसतात. त्यामुळे लोक ती पाने सोडून देतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. खबर देणारा कोण, हा रकाना वाचा. तिथे मुलगी असते, जावई असतो, पुतण्या असतो, कधी त्याचा टाउनलँडही असतो. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं सासरचं आडनाव मला अनेक घराण्यांत याच रकान्याने दिलं आहे.

जन्मतारखेबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. नोंदणीला उशीर झाला की दंड होता. दंड टाळायला लोक तारीख पुढे ढकलून सांगत. म्हणून बाप्तिस्मा आधीचा आणि जन्म नंतरचा, अशी नोंद सर्रास मिळते. अशा वेळी चर्चची तारीख धरा.

खानेसुमारी: काय उरलं, काय गेलं

1901 ची (31 मार्च) आणि 1911 ची (2 एप्रिल) खानेसुमारी पूर्ण शिल्लक आहे. नॅशनल आर्काइव्ह्ज या सरकारी दप्तरखान्याच्या वेबसाइटवर मूळ पत्रकं फुकट बघता येतात. कुटुंबाचं पत्रक बघून थांबू नका. त्याच टाउनलँडचं घरांचं पत्रक उघडा, त्यात भिंती कशाच्या, छप्पर कसलं, समोर खिडक्या किती, खोल्या किती, हे आहे. तिसऱ्या पत्रकात गोठा, डुकरांचं खुराडं, कोठार यांची मोजदाद आहे. 1911 मध्ये विवाहित बायकांना आणखी तीन गोष्टी विचारल्या होत्या: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, हयात किती. माझ्या नवऱ्याच्या पणजीच्या नावापुढे झालेल्या मुलांचा आणि हयात मुलांचा आकडा वेगळा आहे. त्या फरकामुळे आम्ही लहानपणी गेलेल्या मुलांच्या नोंदी शोधल्या आणि वंशावळीत त्यांची नावं घातली. घरात ती कुणाला ठाऊकच नव्हती.

वयं मात्र जपून घ्या. 1909 च्या जानेवारीत सत्तर वर्षांवरच्यांना वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन सुरू झालं. 1901 ते 1911 या दहा वर्षांत कित्येक माणसं पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली दिसतात. वय हा पुरावा नव्हे, दिशा आहे.

ऑनलाइन शोधात नाव सापडलं नाही तर काउंटी, इलेक्टोरल डिव्हिजन, टाउनलँड असं उतरत जा आणि टाउनलँडमधलं प्रत्येक घर वाचा. हस्ताक्षर चुकीचं वाचून सूची केली गेली असेल, तर हाच एक रस्ता उरतो. शिवाय शेजारीही वाचले जातात, आणि ते पुढे लागणारच आहेत.

याआधीच्या खानेसुमाऱ्यांचं दुःख मोठं आहे. 1821 ते 1851 च्या बहुतेक सगळ्या डब्लिनच्या फोर कोर्ट्स संकुलातल्या सरकारी दप्तरखान्यात होत्या. यादवी युद्धात 30 जून 1922 रोजी तिथे स्फोट होऊन आग लागली आणि शतकांचे कागद जळाले. 1861 आणि 1871 ची पत्रकं आकडे काढून झाल्यावर सरकारनेच नष्ट केली होती. 1881 आणि 1891 ची पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईत लगद्यात गेली. 1921 मध्ये स्वातंत्र्ययुद्धामुळे खानेसुमारी झालीच नाही. पुढची 18 एप्रिल 1926 ची, आणि शंभर वर्षांच्या नियमानुसार ती 2026 च्या एप्रिलपासून लोकांसाठी खुली.

या राखेतूनही काही हाती लागतं. 1909 नंतर निवृत्तिवेतनासाठी वय सिद्ध करायला लोकांनी 1841 आणि 1851 च्या खानेसुमारीतली आपली नोंद काढून मागितली होती. त्या शोधाचे अर्ज नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये जपलेले आहेत. अर्जदाराचे आईवडील, तेव्हाचा टाउनलँड, आणि कारकुनाला जे सापडलं ते, असं त्यावर लिहिलेलं असतं. मूळ पान जळालं, पण त्याची ही एक ओळ वाचली. तुमच्या घराण्यात 1830 ते 1850 च्या दरम्यान जन्मलेलं आणि 1909 ला जिवंत असलेलं कुणी असेल, अगदी पणजोबांची बहीणसुद्धा, तर हे अर्ज नक्की बघा. पणजोबा आणि त्यांची बहीण शेवटी एकाच घरातली आहेत.

चर्चच्या वह्या

1864 च्या मागे जायचं तर कॅथलिक पॅरिशच्या वह्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने 2015 मध्ये या वह्यांची चित्रं फुकट खुली केली, साधारण 1880 पर्यंतची. पूर्वेकडच्या आणि शहरातल्या वह्या अठराव्या शतकात सुरू होतात. पश्चिमेकडे, क्लेअरमध्येसुद्धा, बऱ्याच पॅरिशच्या वह्या एकोणिसाव्या शतकातल्या. काहींत मध्येच वर्षंच्या वर्षं गायब. दफनाच्या नोंदी फारच थोड्या.

या चित्रांना नावांची सूची नाही. तयार सूची पैसे घेणाऱ्या वंशावळीच्या वेबसाइटवर मिळते, पण मी सांगते, एकदा पॅरिश ठरली की पानं स्वतः वाचा. पहिला तास अवघड जातो. नंतर त्या पाद्र्याचं अक्षर ओळखीचं होतं. नावं बरेचदा लॅटिनमध्ये आहेत: जेम्सचा जाकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस, जॉनचा योआनेस, डेनिसचा डायोनिसियुस. आयरिश टाइग हे नाव थॅडियस म्हणून येतं आणि सरकारी कागदात टिमथी होतं. डार्बी आणि जेरेमाया एकच माणूस असू शकतो. ब्रिजेट ही बिडी, ब्रीडा, डेलिया. ओनोरा ही नोरा, नॅनो, हॅना. पश्चिम क्लेअरमध्ये सायनन किंवा सेनन दिसलं तर समजा की स्कॅटरी बेटाच्या संत सेननच्या परिसरातलं घर आहे. ते नाव इतर ठिकाणी क्वचित. आडनावांपुढचे ‘ओ’ आणि ‘मॅक’ एकोणिसाव्या शतकात अनेकांनी गाळले आणि नंतर परत लावले, तेव्हा दोन्ही रूपांनी शोधा.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं, हे फार मोठं देणं आहे. त्याच्या पुढचे दोन धर्ममातापिता लोक वाचत नाहीत. वाचाच. ते बहुधा मामा, मावशी, काका, आत्या किंवा लगतचे शेजारी. लग्नाच्या नोंदीत ‘तिसऱ्या अंशात’ अशी लॅटिन टीप असेल तर वधू-वरांचे पणजोबा-पणजी समान होते आणि त्यासाठी चर्चची परवानगी घेतली होती. एका शब्दात तीन पिढ्या मागचा धागा मिळतो.

प्रोटेस्टंट कुटुंब असेल तर चर्च ऑफ आयर्लंडच्या वह्या बघाव्यात. त्यांतल्या पुष्कळ 1922 च्या आगीत गेल्या. उरलेल्यांसाठी डब्लिनच्या चर्चटाउन भागातलं रिप्रेझेंटेटिव्ह चर्च बॉडी ग्रंथालय गाठा.

जमिनीचा कागद

आता माझ्या आवडीचा भाग. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली 1847 ते 1864 या काळात साऱ्या देशाच्या जमिनीचं आणि इमारतींचं करमूल्यांकन झालं. त्याला ‘ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन’ म्हणतात. क्लेअरचं 1855 चं. नकाशासकट ते आस्क अबाउट आयर्लंड या वेबसाइटवर फुकट आहे. 1851 ची खानेसुमारी जळाल्यामुळे त्या काळच्या कुटुंबप्रमुखांची ही जवळजवळ एकमेव देशव्यापी यादी. प्रत्येक ओळीत नकाशावरचा तुकड्याचा क्रमांक, कुळाचं नाव, ज्याच्याकडून जमीन घेतली त्याचं नाव, घर-गोठा-जमीन असं वर्णन, क्षेत्रफळ आणि मूल्य. ‘ज्याच्याकडून घेतली’ तो मूळ जमीनदार असेलच असं नाही, मधला दलालही असतो.

एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाची दोन कुळं असली की कारकुनाने कंसात ओळख दिली आहे: वडिलांचं नाव, ‘तांबडा’, ‘धाकटा’, ‘विणकर’. मघाचं टोपणनाव इथे कामाला येतं.

त्याहून मागे टाइथ अ‍ॅप्लॉटमेंट बुक्स आहेत, 1823 ते 1838 च्या दरम्यानची. अँग्लिकन चर्चला द्यायच्या शेतसाऱ्याची यादी, जो कॅथलिक शेतकऱ्यालाही भरावा लागे. नॅशनल आर्काइव्ह्जवर फुकट आहे. भूमिहीन मजूर त्यात नाहीत आणि शहरं नाहीत. नाव नाही म्हणजे माणूस नव्हता, असा निष्कर्ष काढू नका.

ग्रिफिथनंतरच्या बदलांच्या वह्या मात्र फार थोडे लोक बघतात. कूळ बदललं, घर पडलं, तुकडा विभागला, की कारकून जुनं नाव खोडून नवीन लिही आणि शेजारी साल टाकी. वेगवेगळ्या फेऱ्यांना वेगळ्या रंगाची शाई वापरली आहे. आमच्याकडच्या फेरफार नोंदी ज्याने वाचल्या आहेत त्याला ही वही लगेच कळेल, जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते ओळीने दिसतं. उत्तर आयर्लंड सोडून बाकी काउंट्यांच्या वह्या पूर्वीच्या व्हॅल्युएशन ऑफिसकडे होत्या. ते कार्यालय 2023 पासून टॉल्चे एरन या सरकारी संस्थेत सामील झालं आहे. तिथे विचारणा करून टाउनलँडच्या पानांच्या प्रती मागवता येतात.

हे सगळं एकत्र कसं येतं ते सांगते. माझ्या नवऱ्याचे पणजोबा मायकेल, किलरशच्या बाजूचे. त्याच पॅरिशमध्ये त्याच आडनावाचा, जवळपास त्याच वयाचा दुसरा मायकेल होता, आणि दोघांच्याही वडिलांचं नाव पॅट्रिक. जन्माच्या नोंदीवरून आमचा कोणता हे ठरेना. 1911 च्या पत्रकातून टाउनलँड मिळाला. त्या टाउनलँडच्या बदलांच्या वहीत एक तुकडा पॅट्रिककडून ओनोराकडे आणि पुढे मायकेलकडे गेलेला दिसला. म्हणजे ओनोरा विधवा झाली होती. ज्या सालाच्या शाईत तिचं नाव चढलं त्याच्या मागच्या काही वर्षांत पॅट्रिकचा मृत्यू शोधला आणि सापडला, टाउनलँड तोच, खबर देणारा मायकेलच. मग बाप्तिस्म्याच्या वहीतले दोन्ही मायकेल समोर ठेवले. एकाची आई ओनोरा, आणि तिचं माहेरचं आडनाव धर्ममातेच्या आडनावाशी जुळत होतं. तेच आडनाव ग्रिफिथमध्ये शेजारच्या टाउनलँडमध्ये होतं. त्या रात्री मी मुलीला उठवून सांगितलं. वहीतली नोंद उशिरा चढते, त्यामुळे साल नेमकं धरू नये. बदल खरा असतो, वर्ष थोडं पुढचं असतं.

स्थानिक खजिना

क्लेअरच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. क्लेअर काउंटी ग्रंथालयाने स्वयंसेवकांच्या मदतीने टाइथ, ग्रिफिथ, खानेसुमारी, दफनभूमीतले शिलालेख, जुन्या शाळांच्या याद्या, असं अफाट साहित्य टंकित करून फुकट ठेवलं आहे. एनिसचं स्थानिक अभ्यास केंद्र आणि कॉरोफिनचं वारसा व वंशशास्त्र केंद्र दोन्ही भेट देण्याजोगी. कॉरोफिनचं केंद्र शुल्क घेऊन शोधही करून देतं.

1840 च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळाचा काळ इथे वगळता येत नाही. 1841 मध्ये क्लेअरची लोकसंख्या सुमारे 2 लाख 86 हजार होती, 1851 मध्ये सुमारे 2 लाख 12 हजार. किलरश युनियनमध्ये जमीनदारांनी हजारो कुळांना घरातून काढून घरं पाडली. तिथले तपासनीस कॅप्टन आर्थर केनेडी यांनी त्यांच्या याद्या करून वर पाठवल्या, म्हणून नावं उरली. तुमचं घर 1855 च्या ग्रिफिथमध्ये नसेल तर या याद्या बघा. हे काम करताना मला नेहमी जड वाटतं, आणि ते झटपट उरकू नये असंच मी सांगते.

बाकी काही साधनं थोडक्यात. छोट्या फौजदारी न्यायालयांच्या नोंदवह्या: रस्त्यावर गाढव सोडलं, शेजाऱ्याशी भांडण, दारू. कुत्र्याच्या परवान्याच्या वह्या, 1866 पासून: मालक, टाउनलँड, कुत्र्याचा रंग आणि जात. शाळांच्या दाखल्याच्या वह्या, काही आर्काइव्ह्जमध्ये तर काही अजून शाळेतच. जमीनदारांच्या इस्टेटीचे कागद. कॉनॉट आणि मन्स्टर या प्रांतांसाठी गॉलवे विद्यापीठाचा लँडेड इस्टेट्स संग्रह कुठे काय आहे ते सांगतो. आणि 1937 ते 1939 मध्ये शाळकरी मुलांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहिलेल्या लोककथा आणि आठवणी, दूखस डॉट आयई वर. तुमच्या टाउनलँडचं नाव टाकून बघा, कदाचित लिहिणारी मुलगी तुमच्याच घरातली निघेल.

उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्यांसाठी वाट वेगळी. तिथल्या जन्म-मृत्यूची नोंदणी ग्रोनी या वेबसाइटवर पैसे भरून मिळते. जमिनीच्या बदलांच्या वह्या बेलफास्टच्या प्रोनी या दप्तरखान्याने फुकट ऑनलाइन ठेवल्या आहेत.

पुण्या-देवळालीहून शोधणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातल्या काही अँग्लो-इंडियन घराण्यांत ‘आमचे खापरपणजोबा आयरिश शिपाई’ असं सांगतात, आणि ते खरं असण्याची शक्यता चांगली आहे. कंपनीच्या मुंबई फौजेतल्या गोऱ्या पलटणीत आयरिश पुष्कळ होते. तीच पलटण पुढे 103 वी रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स झाली आणि 1881 मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्समध्ये विलीन झाली. पुण्यात एम्प्रेस गार्डनजवळचं सेंट पॅट्रिक कॅथेड्रल आयरिश कॅथलिक शिपायांसाठीच उभं राहिलं.

तुम्ही आधी भारतातले कागद घ्या. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ची सूची फुकट शोधता येते. कॅथलिक असतील तर छावणीतल्या चर्चकडेही विनयाने विचारा. शिपायाची पलटण आणि साल मिळालं की राणीच्या फौजेतल्यांसाठी लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधले निवृत्तीचे कागद, आणि कंपनीच्या फौजेतल्यांसाठी पुन्हा ब्रिटिश लायब्ररीतल्या भरतीच्या नोंदी. निवृत्तीच्या कागदावर छापील वाक्य असतं: जन्म अमुक पॅरिशमध्ये, अमुक शहरात किंवा त्याच्या जवळ, अमुक काउंटीत. तिथून तुम्ही वरच्या सगळ्या वाटेला लागता. नोकरीत असतानाच वारलेल्या शिपायाचे हे कागद नसतात, त्याच्यासाठी पलटणीची हजेरीपटं बघावी लागतात.

प्रत्यक्ष येणार असाल तर ईमेल करून आधी कळवा. डब्लिनमध्ये बिशप स्ट्रीटवरचं नॅशनल आर्काइव्ह्ज आणि किल्डेअर स्ट्रीटवरचं राष्ट्रीय ग्रंथालय, दोन्हीकडे वाचकाचं ओळखपत्र काढावं लागतं. ग्रंथालयात वंशशोधनाचा सल्ला फुकट मिळतो. प्रश्न एका ओळीत लिहून न्या, आणि टाउनलँडचा तो संच सोबत ठेवा. पॅरिशच्या कार्यालयात जायचं तर आगाऊ वेळ घ्या, तिथे बहुधा एकच बाई किंवा एकच पाद्री सगळं सांभाळतात.

आणि शोध संपला की, किंवा अडला तरी, जे सापडलं ते कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर, हे नीट लिहून त्या काउंटीच्या ग्रंथालयाला पाठवा. दफनभूमीतल्या दगडांचे फोटो असतील तर तेही पाठवा. क्लेअरमध्ये अशी भेट स्वीकारतात आणि पाठवणाऱ्याच्या नावासह ठेवतात.